फोटो कृष्णधवल, शालू रंगीत: पॉवरपॉइंटमध्ये या चुका टाळा

घरात कुणाची साठी आली की स्लाइड शोचं काम एकाच माणसाच्या गळ्यात पडतं. आमच्याकडे तो मी. काकूच्या साठीला मी हौसेने एक स्लाइड केली: सगळा फोटो कृष्णधवल, फक्त तिचा हिरवा शालू रंगीत. लॅपटॉपवर झकास दिसत होती. हॉलच्या पडद्यावर मात्र शालूच्या काठालगत राखाडी सावली. आत्याने विचारलंच, "फोटो हललाय का रे?"

हलला होता खरा, आणि तो मीच हलवला होता. या इफेक्टला एकाच फोटोच्या दोन प्रती एकमेकींवर ठेवाव्या लागतात: खाली कृष्णधवल, वर रंगीत. कंट्रोल-डी दाबलं की दुसरी प्रत जरा उजवीकडे, खाली सरकून येते. ती माउसने ओढून 'बसली एकदाची' म्हणायचं नाही. दोन्ही निवडा, 'अलाइन'मध्ये आधी 'अलाइन लेफ्ट', मग 'अलाइन टॉप'. मात्र तिथे 'अलाइन सिलेक्टेड ऑब्जेक्ट्स'वर खूण हवी, नाहीतर दोन्ही फोटो स्लाइडच्या कोपऱ्यात जाऊन बसतात. खालची प्रत माउसच्या हाती लागत नसेल तर ऑल्ट-एफ१० दाबा. सिलेक्शन पेनमध्ये, म्हणजे स्लाइडवरच्या वस्तूंच्या यादीत, दोन्ही नावं दिसतील.

आता वरच्या प्रतीला 'रिमूव्ह बॅकग्राउंड' द्या. जांभळं झालेलं सगळं जाणार. शालूचा पदर त्यात गेला असेल तर 'मार्क एरियाज टू कीप'ने परत आणा, चेहरा राहिला असेल तर 'मार्क एरियाज टू रिमूव्ह'ने घालवा. पार्श्वभूमी गेली तरी फोटोची चौकट तेवढीच राहते, म्हणून जुळणी टिकते. उरलेली मोकळी जागा क्रॉप करून पुन्हा 'अलाइन' दिलंत की वरची सगळी मेहनत पाण्यात. मी तेही करून पाहिलंय.

क्रमही महत्त्वाचा. आधी प्रत काढा, मग खालची राखाडी करा. उलटं केलंत तर दोन्ही राखाडी होतात. तसं झालंच, तर वरच्या प्रतीला 'रीकलर'मधलं (फोटोचे रंग बदलायची सोय) 'नो रीकलर' द्या.

आणि आपली सगळ्यांची हमखास फसगत: आपण म्हणतो 'ब्लॅक अँड व्हाइट फोटो', म्हणून 'रीकलर'मध्ये त्याच नावाच्या चौकोनावर टिचकी मारतो. चेहरा खराब झेरॉक्ससारखा येतो, कारण तिथे फक्त काळा आणि पांढरा, मधली एकही छटा नाही. आपल्याला हवं असतं ते 'ग्रेस्केल'.

रंग हळूहळू उमलावा असं वाटत असेल तर वर अख्ख्या रंगीत फोटोची आणखी एक प्रत ठेवून फक्त तिलाच अ‍ॅनिमेशनमधल्या एन्ट्रन्सचा 'फेड' द्या, दोनेक सेकंदांचा. खालच्या फोटोला एक्झिट देऊ नका. मधेच स्लाइडची पार्श्वभूमी डोकावते.

रीकलरमधल्या रंगीत छटा फाइलच्या थीमला, म्हणजे तिच्या ठरलेल्या रंगसंचाला, बांधलेल्या असतात. चुलतभावाच्या फाइलमध्ये स्लाइड चिकटवली आणि निळा फोटो केशरी झाला, तर गोंधळू नका. पुन्हा चिकटवताना 'कीप सोर्स फॉरमॅटिंग' निवडा.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची म्हणून ती हलकी करायला 'डिस्कार्ड एडिटिंग डेटा'वर (फोटोतल्या बदलांची साठवलेली माहिती टाकून देणं) खूण केलीत, तर फाइल सेव्ह झाल्यावर 'रीसेट पिक्चर'ने मूळ फोटो परत येत नाही. मूळ फोटोंचं फोल्डर वेगळं ठेवा. काकूच्या पंचाहत्तरीला लागेल.