ओंडके ओतणारं जहाज उलटत का नाही? जहाजाची स्थिरता शिकायला लागलेल्यांसाठी

नेव्हल आर्किटेक्चरला किंवा डेक ऑफिसरच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना स्थिरतेचा विषय कोरडा वाटतो. जीएम (गुरुत्वमध्यापासून मेटासेंटर या बिंदूपर्यंतची उंची, म्हणजे लहान कलाला जहाज किती विरोध करतं याचं माप), जीझेड (कललेल्या जहाजाला सरळ करणाऱ्या बळाचा बाहू), केएन (जहाजाच्या तळापासून मोजलेला तसाच बाहू, ज्यावरून जीझेड काढतात) अशी अक्षरं आणि त्यांची कोष्टकं, एवढंच हाती येतं. मला हा विषय खरा कळला तो लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या बार्जमुळे, म्हणजे रुंद, सपाट मालवाहू जहाजामुळे. नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तीच अभ्यासायला सांगतो, कारण जवळजवळ सगळा अभ्यासक्रम त्या एका जहाजात आहे.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया किनाऱ्यावर ही जहाजं चालतात. हैदा ग्वाई बेटांवरचे किंवा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम काठावरचे ओंडके दक्षिणेकडच्या गिरण्यांपर्यंत न्यायचे असतात. शांत पाण्यात ओंडक्यांचे तराफे बांधून ओढत नेता येतात, पण हेकेट सामुद्रधुनीसारख्या उथळ आणि खवळलेल्या पाण्यात तराफा फुटतो. म्हणून माल बार्जवर चढवतात. बार्जवरच क्रेन असतात, डेकच्या दोन्ही टोकांना उंच भिंती असतात आणि बाजू मोकळ्या. बहुतेक बार्ज टगने म्हणजे ओढणाऱ्या ताकदवान बोटीने ओढतात, पण ‘हैदा मोनार्क’सारखी स्वतःच्या इंजिनावर चालणारी जहाजंही तिथे होती. मोठ्या बार्जवर दहा हजार टनांहून जास्त लाकूड मावतं. ते क्रेनने एकेक करून उतरवायचं तर फार वेळ जाईल. त्यामुळे जहाजच मुद्दाम कलवतात आणि सगळा भार एका दमात पाण्यात सोडतात.

आता हे कसं घडतं ते सावकाश बघू.

एका बाजूच्या बॅलास्ट टाक्यांचे (तोल साधायला समुद्राचं पाणी घेणाऱ्या टाक्यांचे) व्हॉल्व्ह उघडले की समुद्राचं पाणी आत येऊ लागतं आणि जहाज त्या बाजूला झुकतं. बऱ्याच वेळा हे काम टगवरून रेडिओने होतं, बार्जवर माणूस नसतो. झुकाव सावकाश वाढतो आणि प्रत्येक क्षणी जहाज समतोलात असतं. टाकीतल्या पाण्याचा कलवणारा मोमेंट (वजन गुणिले अंतर) आणि जहाजाचा सरळ करणारा मोमेंट सारखे झाले की तो कोन ठरतो. लहान कोनांसाठी याचं सूत्र सोपं आहे: टॅन थीटा = (पाण्याचं वजन × मध्यरेषेपासूनचं अंतर) ÷ (विस्थापन × जीएम). थीटा म्हणजे झुकावाचा कोन, विस्थापन म्हणजे मालासकट जहाजाचं एकूण वजन. समजा विस्थापन 20,000 टन आणि जीएम 4 मीटर आहे. मध्यरेषेपासून 14 मीटरवर 500 टन पाणी घेतलं, तर 7,000 भागिले 80,000, म्हणजे 0.0875. कोन आला 5 अंश. हे गणित हाताने करा, आकडे बदलून पुन्हा करा. जीएम निम्मा केला की कोन जवळजवळ दुप्पट होतो, हे स्वतःच्या वहीत दिसलं पाहिजे.

मोठ्या कोनात हे सूत्र चालत नाही. डेकची कड पाण्यात गेली की जलरेषेचा आकारच बदलतो. तिथून पुढे जीझेड कर्व्हच, म्हणजे प्रत्येक कोनाला जीझेड किती हे दाखवणारा आलेखच, वाचावा लागतो, आणि उलटण्याचं उत्तरही त्यातच आहे.

ओंडके कधी घसरतात? उताराच्या कोनाचा टॅन घर्षणांकापेक्षा मोठा झाला की. घर्षणांक 0.5 धरला तर हा कोन साधारण 27 अंश येतो. म्हणजे रचनाकाराला काय साधायचं असतं? माल घसरण्याचा कोन जीझेड कर्व्हच्या शिखराच्या बराच अलीकडे पडला पाहिजे. शिखर ओलांडल्यावर कलवणारा मोमेंट वाढत राहिला तर परत येणं नाही. शिवाय त्या कोनापर्यंत पाणी आत शिरेल असं एकही झाकण, दार किंवा हवेची नळी पाण्याखाली जाता कामा नये. या सगळ्या योजनेतली ही मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट: जहाज धोक्याच्या दिशेने जात असतं, पण धोका येण्याआधीच धोक्याचं कारण म्हणजे डेकवरचा उंच भार निघून जातो.

भार गेला की एका झटक्यात बरंच काही बदलतं. गुरुत्वमध्य खाली येतो. विस्थापन घटतं. बीएम (उत्प्लावनमध्यापासून मेटासेंटरपर्यंतची उंची) म्हणजे जलरेषेच्या क्षेत्राचा जडत्वाघूर्ण भागिले बुडालेलं घनफळ, म्हणून घनफळ घटलं की रुंद बार्जचा बीएम वाढतो. ओंडके एकीकडे जातात, जहाज दुसरीकडे ढकललं जातं, उसळतं आणि जोरात डोलतं. बार्ज वर आल्यावर टाकीतलं पाणी समुद्राच्या पातळीपेक्षा उंच राहतं, त्यामुळे ते गुरुत्वाकर्षणानेच बाहेर वाहून जातं. पाण्यातले ओंडके गोळा करणं वगैरे काम छोट्या बोटी करतात.

टाक्यांच्या रचनेकडे विशेष लक्ष द्या. अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी, पाण्याने भरलेल्या ताटासारखं, झुकल्या बाजूला धावतं आणि जीएम खातं. हा फ्री सरफेसचा (पाण्याच्या मोकळ्या पृष्ठभागाचा) परिणाम टाकीच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असतो. मध्ये जहाजाच्या लांबीच्या दिशेने एक उभा बल्कहेड (आडभिंत) घालून टाकीचे दोन समान भाग केले की तो चौथ्या हिश्श्यावर येतो, तीन केले की नवव्या. कलवण्याच्या टाक्या अरुंद आणि कडेला का ठेवतात, याचा मोठा भाग इथे उलगडतो.

हे कलणं आणि नेहमीच्या लाकूडवाहू जहाजाचं कलणं मात्र एक समजू नका. बाकीची लाकूडवाहू जहाजं माल क्रेननेच उतरवतात आणि तिथे कल म्हणजे संकट. जानेवारी 2008 मध्ये कापीव लाकूड नेणारं ‘आइस प्रिन्स’ इंग्लिश खाडीत वादळात माल सरकून कललं आणि बुडालं. खलाशी वाचले. डेकवरचं लाकूड पाणी शोषतं, वरचं वजन वाढतं, खालचं इंधन संपत जातं, जीएम घटतो. म्हणूनच 2008 चा इंटॅक्ट स्टॅबिलिटी कोड, म्हणजे जहाजांच्या स्थिरतेचा आंतरराष्ट्रीय नियमसंच, लाकूडवाहू जहाजांसाठी जीएम किमान 0.10 मीटर आणि जीझेडचं शिखर किमान 0.25 मीटर मागतो. डेकवरच्या लाकडाची बांधणी आणि रचणी यासाठी 2011 ची वेगळी आचारसंहिताही आहे. दोन्ही मूळ दस्तऐवज वाचा, नोट्सवर भागवू नका.

तोंडी परीक्षेत हमखास विचारला जाणारा फरकही इथेच पक्का करा. वजन एका बाजूला असल्यामुळे येते ती लिस्ट, जीएम ऋण झाल्यामुळे येतो तो लोल. लिस्ट काढायला वजन उंच बाजूला हलवतात. लोलमध्ये तसं केलं तर जहाज दुसऱ्या बाजूला उसळून पडू शकतं. तिथे आधी गुरुत्वमध्य खाली आणायचा आणि तळाची टाकी भरायचीच तर झुकल्या बाजूची आधी. ओंडक्यांची बार्ज जाणूनबुजून लिस्ट घेते, तिचा जीएम त्या सगळ्या वेळात धन असतो.

सरावासाठी एक साधी चौकोनी बार्ज घ्या. लांबी, रुंदी, खोली आणि डेकवरचा भार ठरवा. स्प्रेडशीटवर भरलेल्या आणि रिकाम्या अशा दोन्ही अवस्थांचे जीझेड कर्व्ह काढा, त्यांवर टाकीचा कलवणारा मोमेंट विस्थापनाने भागून मांडा. मग माल अर्धाच घसरला तर, विशेषतः उंच बाजूचाच गेला तर काय होईल, तेही काढा. पुढे क्लासिफिकेशन सोसायटीत (जहाजांची तपासणी करून दर्जा देणाऱ्या संस्थेत) सर्व्हेअर व्हा, डिझाइन ऑफिसात बसा किंवा चीफ ऑफिसर म्हणून लोडिंग कॉम्प्युटर हाताळा, पडद्यावर दिसणारे कर्व्ह हेच असतील.