‘उघडत नाहीत’ की ‘उघडताच येत नाही’?

पावसात फुगून बसलेल्या खिडकीबद्दल म्हापशाच्या आमच्या वहिनी भाडेकरू पाहुण्यांना इंग्रजीत कळवत होत्या: ‘अ विंडो दॅट इज नॉट ओपन्ड’. याचा अर्थ एवढाच, की ती कुणी उघडत नाही. उघडताच येत नाही, हे राहूनच गेलं!

१. मनातल्या मराठी वाक्यात ‘-ता येत नाही’ बसतं का पाहा.
२. बसलं, तर ‘दॅट’नंतर ‘कॅनॉट बी’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप: ‘अ विंडो दॅट कॅनॉट बी ओपन्ड’.

घाईत ‘नॉट टू बी ओपन्ड’ लिहू नका, ती मनाई होते. गंमत म्हणजे ‘नोव्हेअर टू बी फाउंड’मधलं तेच ‘टू बी’ मात्र ‘शोधूनही सापडत नाही’ असं सांगतं.