घोड्याची पाठ दुखतेय का, कसं बघायचं

खोगीर टाकताना घोडा कान मागे पाडतो, चावायला येतो, तर माज आलाय म्हणून चाबूक काढू नका, आधी पाठ बघा. सपाट जागी उभा करा आणि खांद्यामागून पुठ्ठ्यापर्यंत दोन्ही बाजूंनी बोटांनी हळूहळू दाबत जा, मणक्यावर नाही हं, बाजूच्या मांसावर. कुठे दचकला, पाठ खाली घेतली की ती जागा लक्षात ठेवा. खोगीर, नाल, दात पण चेक करा, बऱ्याचदा मूळ तिथंच असतं आणि ते तसंच ठेवलं तर पाठ कितीही मोकळी करा, परत आखडते. कायरोप्रॅक्टर (हातानं झटके देऊन मणके, सांधे मोकळे करणारा) नंतर, आधी व्हेट, फ्रॅक्चर असेल तर झटके देणं डेंजर. व्हेट हो म्हणाला तर फिरवून अंग गरम झाल्यावर गाजर दाखवून मान बरगडीकडे वळवायला लावा, दोन्ही बाजूंनी ३-४ वेळा, त्यानं स्वतः वळायचं, ओढायचं नाही.