कोळसा घातल्यावर मिरची पिवळी पडली, तर

जांभ्याच्या लाल मातीत करवंटीचा कोळसा मिसळला आणि पंधरा दिवसांत मिरचीची खालची, जुनी पानं पिवळी पडली, वाढ थांबली. पाणी वाढवून, कडुनिंबाचा अर्क फवारून, चुलीतली राख टाकून काही झालं नाही. राखेत नत्र (नायट्रोजन) नसतोच! वाफा गेलाच असं वाटलं, फार जीव तुटला.

कोरा कोळसा सच्छिद्र असतो, तो सुरुवातीला मातीतला नत्र स्वतःकडे ओढून धरतो, झाडाला तो कमी पडतो आणि पानं पिवळी पडतात. म्हणून आधी त्याचं पोट भरायचं.

कोळसा गोणपाटात घालून ओला करा, मगच कुटा. कोरडी भुकटी छातीत जाते. खडे हरभऱ्याएवढे किंवा बारीक हवेत. 10 लिटरची एक बादली कोळसा, 2 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, बुडेल इतकं पाणी. तीन दिवस भिजवा. मग त्या पाण्यासकट चार बादल्या कुजलेल्या शेणखतात कालवून ढीग करा, वर नारळाच्या झावळ्यांचा झाप टाका. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. आठवड्याने एकदा परता, तीन आठवडे मुरू द्या. ढीग मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात लावा, नाहीतर मृगाच्या सरींत सगळा कस धुपून जातो.

हे मिश्रण 5 चौरस मीटरला पुरतं. वरच्या वीतभर मातीतच मिसळा.

पिवळ्या पडलेल्या वाफ्याला दहापट पाण्यातलं गोमूत्र आठवड्याला एकदा, ओल्या मातीत, बुंध्यापासून चार बोटं लांब. जुनी पानं परत हिरवी होत नाहीत, नवा फुटवा बघा.