लहान विद्यापीठाने अनुदानित कामासाठी एफर्ट रिपोर्टिंगची पद्धत कशी निवडावी

अमेरिकेतील एखाद्या लहान विद्यापीठाला नॅशनल सायन्स फाउंडेशन किंवा नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या संघीय, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या, संस्थांकडून संशोधनासाठी अनुदान मिळते, तेव्हा त्यातील मोठा भाग माणसांच्या पगारावर खर्च होतो. उपकरण विकत घेतले तर त्याचे बिल असते. पण प्राध्यापकाने आपल्या कामाचा चौथा हिस्सा प्रकल्पाला दिला, याचे बिल कोणी देत नाही. तो पुरावा विद्यापीठाला स्वतःच तयार करावा लागतो, आणि तो तयार करण्याच्या व्यवस्थेला एफर्ट रिपोर्टिंग म्हणतात. अशा विद्यापीठांच्या अनुदान किंवा लेखा कार्यालयात काम करणाऱ्या मराठी वाचकांसाठी, तसेच अमेरिकी विद्यापीठांकडून उपअनुदान घेणाऱ्या आपल्याकडच्या संस्थांसाठी हा लेख आहे. आपल्याकडे वर्षअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्र दिले की हिशेब पुरा झाला असे मानण्याची सवय असते. अमेरिकी संघीय निधीच्या अटी उपअनुदानाबरोबर पुढे येतात, आणि पगाराच्या बाबतीत त्या अधिक बारकाईच्या आहेत.

पहिली पायरी : नियम नेमके काय मागतो ते वाचा

संघीय अनुदानांसाठीची ‘युनिफॉर्म गायडन्स’ ही नियमावली २६ डिसेंबर २०१४ पासून लागू झाली आणि तिची मोठी सुधारणा १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आली. तिच्यातील कलम २००.४३० पगाराच्या नोंदींविषयी आहे. विद्यापीठांच्या खर्चाविषयीच्या यापूर्वीच्या ‘ए-२१’ या सरकारी परिपत्रकात नोंदींच्या ठरावीक पद्धतींची उदाहरणे दिलेली होती, आणि बहुतेक विद्यापीठांनी तीच पद्धत म्हणून स्वीकारली होती. नव्या नियमाने एकाच पद्धतीचा आग्रह सोडला. नोंदी प्रत्यक्ष केलेल्या कामाचे खरे चित्र देणाऱ्या असाव्यात, त्यांच्यामागे अंतर्गत नियंत्रणाची व्यवस्था असावी, त्या संस्थेच्या अधिकृत दप्तराचा भाग असाव्यात, आणि कर्मचाऱ्याच्या संपूर्ण कामाचा, म्हणजे संघीय व इतर अशा दोन्ही कामांचा, शंभर टक्क्यांच्या आत हिशेब लागावा, असे त्याचे म्हणणे आहे. अंदाजपत्रकात लिहिलेली टक्केवारी वर्षभर तात्पुरती वापरता येते. मात्र तेवढीच पुरावा म्हणून चालत नाही, मागाहून ती तपासून दुरुस्त करावी लागते.

याच कलमात लहान संस्थांना दिलासा देणारे एक वाक्य आहे, आणि ते फारसे कोणी वाचत नाही. अध्यापन, संशोधन, सेवा आणि प्रशासन ही कामे विद्यापीठात एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की त्यांची काटेकोर मोजणी नेहमी शक्य नसते आणि ती अपेक्षितही नाही, असे नियम स्वतःच मान्य करतो. म्हणूनच प्राध्यापकांकडून तासातासाचे टाइमशीट भरून घेणारी पद्धत निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. महिनाअखेरीस आठवून भरलेले तास नेमके दिसतात, पण खरे नसतात, आणि लेखापरीक्षकाने ते प्रवासाच्या तारखांशी ताडून पाहिले की विसंगती उघडी पडते. ताशी वेतनावर असलेले आणि अतिरिक्त तासांच्या भत्त्याला पात्र असलेले कर्मचारी मात्र याला अपवाद आहेत. त्यांच्या दररोजच्या एकूण तासांची नोंद ठेवणे बंधनकारकच आहे.

दुसरी पायरी : आपली माणसे मोजा

कोणतीही पद्धत पाहण्याआधी गेल्या आर्थिक वर्षाचे पगारपत्रक काढून संघीय निधीतून एक डॉलरही ज्यांना गेला, त्या सर्वांची यादी करावी. प्रत्येक नावापुढे नेमणूक नऊ महिन्यांची आहे की बारा, उन्हाळ्याचा वेगळा पगार घेतला का, एकापेक्षा अधिक अनुदाने आहेत का, आणि विद्यापीठाने स्वतःच्या पैशातून देऊ केलेला श्रमाचा वाटा आहे का, हे लिहावे. हा शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त निसटतो. प्रस्तावात ‘मुख्य संशोधक दहा टक्के वेळ विनामोबदला देतील’ असे संख्येत लिहिले आणि अनुदान मंजूर झाले, की ते वचन ठरते. पण पगार विद्यापीठाच्या खात्यातून जात असल्यामुळे पगारपत्रकात त्याचा मागमूस नसतो. पगारपत्रकावरच उभी असलेली कोणतीही पद्धत हे वचन आपोआप पकडू शकत नाही, त्यासाठी वेगळे उपखाते किंवा वेगळी नोंद लागते.

ही यादी वीस-पंचवीस नावांची निघाली, तर पुढचा निर्णय सोपा होतो.

तिसरी पायरी : माणसाप्रमाणे की प्रकल्पाप्रमाणे

मुख्य निवड इथे आहे. जुन्या पद्धतीत प्रत्येक व्यक्तीचे एक प्रमाणपत्र असते : माझ्या एकूण कामापैकी इतके टक्के या अनुदानावर, इतके त्या अनुदानावर, बाकीचे अध्यापनावर. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक प्रकल्पाचे एक पत्रक निघते. त्यावर त्या प्रकल्पातून कोणाला किती पगार गेला ते छापलेले असते आणि मुख्य संशोधक ती रक्कम झालेल्या कामाच्या मानाने वाजवी आहे, असे प्रमाणित करतो. ही दुसरी पद्धत फेडरल डेमॉन्स्ट्रेशन पार्टनरशिप या संघीय संस्था व संशोधन संस्थांच्या संयुक्त मंचाच्या पुढाकाराने चार विद्यापीठांत आधी आजमावली गेली : जॉर्ज मेसन, मिशिगन टेक्नॉलॉजिकल आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अर्व्हाइन व रिव्हरसाइड हे दोन परिसर.

लहान विद्यापीठाला बहुधा प्रकल्पनिहाय पद्धत अधिक मानवते. सह्या कमी लागतात, आणि सही करणाऱ्याला प्रयोगशाळेत कोण काय करते हे प्रत्यक्ष माहीत असते. मात्र एकच प्राध्यापक तीन प्रकल्पांवर असेल आणि तिन्ही मुख्य संशोधक वेगवेगळे असतील, तर त्याच्या शंभर टक्क्यांची बेरीज कोणीच पाहत नाही. अशी माणसे आपल्या यादीत किती आहेत हे दुसऱ्या पायरीत कळलेले असते. दोन-चार असतील तर लेखा कार्यालयाने त्यांचे एकत्रित पत्रक वर्षातून एकदा तपासावे. निम्मी यादीच तशी असेल, तर माणसाप्रमाणे प्रमाणपत्र घेणेच बरे.

चौथी पायरी : सॉफ्टवेअरआधी धोरण लिहा

धोरणात सर्वप्रथम ‘संस्थेने ठरवलेला मूळ पगार’ कशाला म्हणायचे ते स्पष्ट करावे. बाहेरील सल्लागारीची कमाई त्यात नियमानेच येत नाही; पण जादा तासिकांचे मानधन किंवा विभागप्रमुखाचा भत्ता येतो की नाही, यावर पुढची सगळी टक्केवारी अवलंबून असते. त्यानंतर प्रमाणपत्रे केव्हा काढायची हे ठरवावे. नियमात ठरावीक कालावधी नाही. प्राध्यापकांसाठी सत्र आणि उन्हाळा असे विभाग केले तर ते विद्यापीठाच्या वार्षिक वेळापत्रकाशी जुळतात, आणि वर्षातून एकदाच केले तर बारा महिन्यांपूर्वीचे काम कोणाच्या ध्यानात राहत नाही.

उन्हाळ्याचा परिच्छेद विशेष काळजीने लिहावा. २००८ मध्ये येल विद्यापीठाने अमेरिकी सरकारशी ७६ लाख डॉलरची तडजोड केली, तेव्हाच्या आरोपांपैकी एक असा होता की काही संशोधकांनी उन्हाळ्यात पूर्ण वेळ अनुदानाचे काम केल्याचे दाखवले, पण त्या काळात ते इतर कामेही करत होते. त्याआधी २००३ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने श्रमाच्या नोंदींवरूनच ५५ लाख डॉलर भरले होते. ही मोठी विद्यापीठे आहेत. पण जुलैत नवा प्रस्ताव लिहिणारा आणि त्याच महिन्याचा शंभर टक्के पगार चालू अनुदानातून घेणारा प्राध्यापक लहान विद्यापीठातही असतो.

टक्के आणि महिने यांचे गणितही धोरणात उदाहरणासह द्यावे. समजा, नऊ महिन्यांचा पगार ९०,००० डॉलर आहे आणि प्राध्यापकाला शैक्षणिक वर्षात २५ टक्के वेळ प्रकल्पासाठी मोकळा करून दिला आहे. म्हणजे २२,५०० डॉलर आणि २.२५ व्यक्ती-महिने. नॅशनल सायन्स फाउंडेशन वरिष्ठ संशोधकासाठी आपल्या सर्व अनुदानांतून मिळून वर्षाला साधारणतः दोन महिन्यांचाच पगार धरते, त्याहून अधिक हवा असल्यास प्रस्तावातच समर्थन मागते. आणखी एक गफलत नेहमी होते : मुख्य संशोधकाचा वेळ २५ टक्क्यांनी घटला तर पूर्वपरवानगी लागते, ही घट मूळ वचनाच्या प्रमाणात मोजायची असते. वीस टक्क्यांवरून पंधरावर आले की ती मर्यादा गाठली जाते.

पाचवी पायरी : आहे त्या पगारप्रणालीपासून सुरुवात करा

बॅनर, वर्कडे किंवा पीपलसॉफ्ट या पगार व लेखा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी काहीतरी विद्यापीठात बहुधा आधीपासूनच चालू असते. त्यातून प्रकल्पनिहाय पगाराचे पत्रक निघते का, ते मुख्य संशोधकाकडे पाठवून इलेक्ट्रॉनिक सही घेता येते का, आणि नंतर पगाराचे खाते बदलले तर आधीचे प्रमाणपत्र आपोआप रद्द होऊन नवे निघते का, एवढे तीन प्रश्न आधी विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ते काम कोण हाताने करणार, त्याचे नाव ठरले पाहिजे. पंचवीस माणसांसाठी नीट आखलेले पत्रक आणि एक जबाबदार व्यक्ती पुरते. स्वतंत्र प्रणालीचा वार्षिक परवाना तेव्हा परवडतो, जेव्हा सह्यांच्या मागे लागण्यात त्या व्यक्तीचा मोठा वेळ जाऊ लागतो.

विक्रेत्याचे प्रात्यक्षिक त्याच्या नमुना माहितीवर पाहू नये. आपल्याच मागील सत्रातील चार अवघड प्रकरणे, नावे काढून, त्याच्यासमोर ठेवावीत : उन्हाळी पगार घेणारा प्राध्यापक, दोन अनुदानांवर विभागलेला संशोधन सहायक, पगाराशिवाय श्रमाचा वाटा देणारी सहसंशोधक, आणि सत्राच्या मध्येच नोकरी सोडून गेलेला कर्मचारी. गेलेल्या माणसाचे प्रमाणपत्र कोण देणार, याचे उत्तर प्रणालीत नसले तरी चालेल, धोरणात मात्र हवेच. त्याच्या कामाची प्रत्यक्ष माहिती असलेल्या व्यक्तीनेच सही करावी, विभागाच्या लिपिकाने करू नये.

सहावी पायरी : दप्तर आणि परीक्षण

१ ऑक्टोबर २०२४ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी, वर्षभरात दहा लाख डॉलर किंवा अधिक संघीय निधी खर्च करणाऱ्या संस्थेला ‘सिंगल ऑडिट’, म्हणजे सर्व संघीय निधीचे एकत्रित लेखापरीक्षण, करून घ्यावे लागते. आधी ही मर्यादा साडेसात लाखांची होती. मर्यादेच्या खाली राहिलेल्या विद्यापीठाला नोंदी ठेवण्यातून सूट मिळते असा समज दिसतो, तो चुकीचा आहे : अनुदान देणारी संस्था कागदपत्रे केव्हाही मागू शकते. ती सामान्यतः अंतिम आर्थिक अहवाल सादर केल्यापासून तीन वर्षे जपावी लागतात. पाच वर्षांच्या अनुदानात पहिल्या वर्षाचे प्रमाणपत्र त्यामुळे सुमारे आठ वर्षे सांभाळावे लागते. म्हणून सॉफ्टवेअरचा करार करताना, करार संपल्यावर सर्व प्रमाणपत्रे सह्या आणि तारखांसह वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळतील, हे कलम त्यात लेखी असल्याची खात्री करून घ्यावी.