टूरिंग बाइक घेताय? मालकांचं ऐका, मग गाडीवर पडताळून पाहा

कुठल्याही मालकाचं मत कानावर घेण्याआधी त्याला चार गोष्टी विचारा: गाडी किती किलोमीटर चालली, तुमची उंची-वजन किती, डबलसीट जाता का, आणि एका दिवसात सगळ्यात लांब किती गेलात. ही उत्तरं मिळाली नाहीत, तर 'एक नंबर गाडी' आणि 'घेऊन पस्तावलो' या दोन्ही मतांची किंमत सारखीच.

नवी गाडी घेऊन ३,००० किलोमीटर झालेला माणूस सीट, वारा आणि हँडलबद्दल छान सांगू शकतो. गाडीच्या भरवशाबद्दल मात्र तो जे सांगेल ते नुसतं कौतुक असतं. उलट ६०,००० किलोमीटर झालेल्या मालकाला बिघाड तोंडपाठ असतात, पण आरामाबद्दलचं त्याचं मत जपून घ्या, कारण त्याने अधेमधे सीट, वारा अडवणारी पुढची काच, हँडल वर उचलणारे रायझर आणि मागचा शॉकअप बदललेला असतो आणि तो स्वतःच ते विसरलेला असतो. म्हणून पाचवा प्रश्न सगळ्यात कामाचा: 'मूळ गाडीत काय काय बदललंत?' तोंडाने 'काही तक्रार नाही' म्हणणाऱ्याच्या बदलांची यादीच त्याची तक्रार सांगून जाते.

गाडीचं सालही विचारा. एकाच नावाखाली दोन वेगळ्या गाड्या असतात. कावासाकी १४००जीटीआरच्या सुरुवातीच्या गाड्यांत पायांवर गरम हवा येते अशी ओरड होती. २०१० च्या बदलात कंपनीने फेअरिंगमधून (गाडीभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणातून) उष्णता बाहेर काढायची सोय सुधारली आणि काच उंच केली. २०१८ ची होंडा गोल्डविंग आधीच्या गाडीपेक्षा सुमारे ४० किलोने हलकी झाली, पुढचं सस्पेन्शन डबल विशबोनचं (चाक दोन आडव्या भुजांवर धरणारं) आलं. पण टाकी २५ लिटरवरून २१ वर आली आणि सामानाची जागा सुमारे १५० लिटरवरून ११० वर. चालवायला नवी सरस मानणारे आणि दोघांचं सामान घेऊन महिनाभर फिरायला जुनीच बरी म्हणणारे, दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. तुम्ही कोणत्या बाजूचे, ते आधी ठरवा.

आराम: कुठे दुखतं ते विचारा

'कम्फर्टेबल आहे का?' या प्रश्नाला 'हो' यापलीकडे उत्तर मिळत नाही. 'तिसऱ्या तासाला कुठे दुखायला लागतं?' असं विचारा. दुखण्याच्या जागेवरून कारण सापडतं.

बसायची हाडं दुखत असतील तर फोम एक तर दबून गेलाय किंवा मुळातच फार मऊ आहे. मऊ सीट पहिली पंधरा मिनिटं सगळ्यात सुखाची वाटते. तासाभराने फोम तळाला टेकतो आणि आपण थेट प्लास्टिकच्या पत्र्यावर बसतो. शोरूममधली सीट ज्या कारणाने आवडते, त्याच कारणाने पुढे ती नडते. जुन्या गाडीत सीटच्या मधोमध अंगठा जोरात दाबा: खालचा कडकपणा लगेच लागला, किंवा दाबलेली जागा सावकाश वर आली, तर नवा फोम खर्चात धरा.

सारखं पुढे घसरून टाकीला चिकटायला होत असेल तर सीटचा उतार चुकतोय. गुडघे दुखले तर फूटरेस्ट आणि सीटमधलं अंतर कमी आहे. उंच माणसाने अशी गाडी केवळ नावाजलेली म्हणून घेऊ नये. मनगट आणि खांदे भरून येत असतील तर हँडल खाली किंवा लांब आहे. २० ते ३० मिमीचा रायझर बहुतेक वेळा पुरतो. तो बसवल्यावर हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून ब्रेकचा होज, क्लच केबल आणि वायरिंग कुठे ताणतंय का ते पाहा. इंजिन चालू ठेवून हँडल वळवल्यावर आरपीएम आपोआप वाढले, तर थ्रॉटल केबल ओढली जातेय. तशी गाडी रस्त्यावर काढू नका. बोटं बधिर होण्यामागे बहुधा ठरावीक आरपीएमवरची थरथर असते, म्हणून टेस्ट राइडमध्ये तुमच्या नेहमीच्या वेगाने टॉप गियरमध्ये सलग पंधरा मिनिटं चालवा. गल्लीतल्या चकरेत हे कळणार नाही.

मान आणि डोकं दुखण्यामागे वाऱ्याचा हात असतो, आणि मालकांची सगळ्यात जास्त चुकीची खरेदी इथेच होते. उंच काच म्हणजे कमी वारा, हा समज अर्धाच खरा. काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेली हवा गोल फिरते आणि ती भोवऱ्यासारखी हवा थेट हेल्मेटवर आदळली तर डोकं थडथडतं. तपासायची रीत सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर ताशी ८०-९० च्या वेगात आधी पाच-सहा सेंटीमीटर खाली वाका. शांत झालं तर तुम्हाला उंच काच हवी. मग फूटरेस्टवर जोर देऊन तेवढंच वर उठा. आता आवाज एकसारखा झाला आणि थडथड थांबली, तर काच छोटी हवी. छातीवर वारा लागेल, पण मान वाचेल. काचेच्या खालच्या बाजूने हवा आत येऊ देणारी फट ठेवलेली असेल तर ती टेप लावून बुजवू नका. काचेमागे हवेचा दाब कमी होतो आणि पाठीमागून ढकलल्यासारखं वाटतं. ते कमी करायलाच ती फट असते. काचेची वरची कड नजरेच्या रेषेच्या थोडी खाली असावी. रात्री पावसात काचेतून आरपार बघत चालवणं वैतागाचं असतं.

मागे बसणाऱ्याचं मत त्यालाच विचारा. 'ती काही बोलत नाही' हे मत धरायचं नाही.

'गाडी कंबर मोडते' ही तक्रार बरेचदा गाडीची नसून सेटिंगची असते. मागचा स्प्रिंग एका सरासरी वजनाच्या चालकाला धरून लावलेला असतो. दोघं आणि भरलेल्या पेट्या चढल्या की शॉकअप खाली बसतो आणि प्रत्येक खड्ड्याला तळाला आपटतो. दहा मिनिटांत मोजता येतं. गाडी डबल स्टँडवर लावून मागचं चाक हवेत असताना अॅक्सलपासून सरळ वर शेपटीवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर मोजा. मग गाडी स्टँडवरून उतरवून, प्रवासाचं सगळं सामान आणि दोघं बसवून तेच अंतर पुन्हा मोजा. रस्त्यावरच्या टूररसाठी फरक साधारण ३० ते ४० मिमी असावा. लांब सस्पेन्शनच्या अॅडव्हेंचर गाड्यांत एकूण हालचालीच्या एक तृतीयांशापर्यंत चालतो. फरक जास्त आला तर प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) वाढवा. प्रीलोड पूर्ण चढवूनही आकडा बसत नसेल तर स्प्रिंगच मऊ आहे.

याच जोडीने वजनाचा हिशेब करा, कारण तो कुणीच करत नाही. समजा गाडीचं कमाल अनुमत वजन ४५० किलो आणि पेट्रोल भरून गाडी २७०. उरले १८०. चालक ७५, मागचा ६५, दोघांची जॅकेट-हेल्मेट-बूट मिळून १६: झाले १५६. राहिले २४ किलो. २७० मध्ये पेट्या धरलेल्या नसतील तर तीन पेट्यांचे १५ किलो त्यातूनच गेले आणि कपड्यांना उरले ९. टॉप बॉक्सवर आतल्या बाजूला वजनमर्यादा छापलेली असते, बहुतेक ५ ते १० किलोच्या दरम्यान. ती ओलांडली की वेगात हँडल हलकं पडून गाडी डुलायला लागते आणि काही वर्षांनी मागच्या फ्रेमच्या वेल्डिंगला चीर जाते. डुलण्याची तक्रार करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच: टॉप बॉक्समध्ये काय होतं, आणि मागच्या टायरची मधली पट्टी सपाट झाली होती का?

भरवसा: बिघाड कुणामुळे झाला ते वेगळं करा

बिघाडांचे तीन गठ्ठे करायचे. पहिला, गाडीच्या रचनेतलाच दोष, जो ठरावीक सालांच्या गाड्यांत पुन्हा पुन्हा दिसतो. दुसरा, झीज. तिसरा, मालकाने केलेले उद्योग.

पहिल्या गठ्ठ्याची उदाहरणं माहीत असली की गाडी बघताना नेमकं काय विचारायचं ते कळतं. हार्ले-डेव्हिडसनच्या १९९९ ते २००६ मधल्या बहुतेक ट्विन कॅम इंजिनांत कॅम चेनचे (इंजिनाच्या आतल्या चेनचे) टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारे भाग, स्प्रिंगवर चालणारे होते. त्यांच्या प्लास्टिकच्या घासपट्ट्या झिजून तुकडे तेलात जायचे. तिथे 'चालते का' विचारण्यापेक्षा 'टेन्शनर कधी बदलले, बिल आहे का' विचारायचं. यामाहा एफजेआर१३००च्या २००६ ते २००९ च्या गाड्यांत अर्थिंगच्या वायरींचा जोड गरम होऊन जळायचा. बीएमडब्ल्यूच्या शाफ्टवाल्या (चेनऐवजी फिरत्या दांड्याने चाक चालवणाऱ्या) अनेक मॉडेलांत मागच्या चाकाचे बोल्ट प्रमाणाबाहेर आवळले गेल्याने अॅल्युमिनियमच्या फ्लँजला (चाक जिला जोडतात त्या चकतीला) चीर पडायची. २०१५ मध्ये त्यासाठी रिकॉल निघाला (कंपनीने गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या) आणि स्टीलची फ्लँज दिली गेली. दुरुस्ती होऊन गेलेला असा दोष म्हणजे गाडी नाकारायचं कारण नाही. कागद नसणं मात्र आहे. चॅसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून रिकॉलची कामं झाली का ते पाहून घ्या.

तिसरा गठ्ठा सगळ्यात मोठा असतो आणि तो वायरिंगमध्ये लपलेला असतो. जादा दिवे, मोबाइल चार्जर, गरम ग्रिप, हॉर्न: प्रत्येक जोड वायर सोलून, टेप गुंडाळून केलेला. मग 'या गाडीची इलेक्ट्रिकल बेकार' अशी ख्याती होते. चार्जिंग स्वतः तपासा. एक साधा मल्टीमीटर पुरे.

गाडी रात्रभर बंद असताना बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट हवेत (लिथियम बॅटरीला १३.२ च्या आसपास). इंजिन चालू करून ४,००० आरपीएमवर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. मग हाय बीम, जादा दिवे, गरम ग्रिप सगळं लावा, आकडा १३.५ च्या खाली घसरता कामा नये. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) गेला, आणि तो बॅटरी उकळवणार. १३ च्या खालीच राहिला तर दोष स्टेटर (इंजिनातला वीज तयार करणारा भाग), आरआर युनिट (तोच रेग्युलेटर) किंवा मधल्या कनेक्टरमध्ये. स्टेटरचा कनेक्टर काढा. त्यात एकाच रंगाच्या तीन वायरी असतात. ठरावीक आरपीएमवर मीटर एसीवर ठेवून दोन-दोन वायरींमधले तिन्ही आकडे घ्या. ते जवळपास सारखे आले आणि इंजिन बंद असताना एकही वायर इंजिनच्या बॉडीला अर्थ दाखवत नसेल, तर स्टेटर ठीक. दोष पुढे आहे. कनेक्टरचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं असेल तर उत्तर तिथेच मिळालं. काही मोठ्या टूररमध्ये कारसारखा अल्टरनेटर असतो, त्यांना ही तीन वायरींची चाचणी लागू नाही.

शाफ्टची गाडी म्हणजे देखभाल शून्य, असं मालक सांगतात. चेनला तेल लावायचं नसतं इतकंच. फायनल ड्राइव्हचं (मागच्या चाकापाशी असलेल्या गियरच्या डब्याचं) गियर ऑइल वेळेवर बदलावं लागतं. मागचं चाक वर-खाली धरून हलवा: स्पष्ट खटखट आली तर बेअरिंग. सीलपाशी ओल दिसली तर सावध. काढलेल्या ऑइलच्या चुंबकी बोल्टवर करडी पेस्ट चालते, चकचकीत पापुद्रे चालत नाहीत. चेनच्या गाडीत मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलायची. बेल्टमध्ये चिरा, तुटलेले दात आणि रुतलेले खडे बघा.

पाहायला जाल तेव्हा इंजिनला हात लावा. गरम असेल तर मालकाने आधीच सुरू करून आवाज घालवलेत. थंड इंजिनची कॅम चेन दोन-तीन सेकंद खडखडली तर हरकत नाही, त्यापुढे नको. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, मधोमध खाच लागली तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) बदलायचा. पुढच्या फोर्कच्या नळीवर तेलाचं वर्तुळ, म्हणजे सील गळतंय. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा.

पुन्हा विकताना

'रिसेल चांगली आहे' हे मालक घेतल्या दिवसापासून म्हणतात. खरं कळतं ते विकताना. टूरिंग गाडीचं रनिंग जास्त असणारच, त्यामुळे इथे किलोमीटरपेक्षा नोंदी बोलतात. ५०,००० चालून प्रत्येक सर्व्हिसचं बिल असलेली गाडी, १२,००० चालून सहा वर्षं उभी असलेल्या गाडीपेक्षा निवांत घ्यावी: उभ्या गाडीत टायर कडक होतात, सील सुकतात, टाकीत गंज धरतो, ब्रेक ऑइल पाणी ओढतं.

किमतीत हळूच मार देणारी एक गोष्ट म्हणजे टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट तपासून नीट करणं. मोठ्या गाडीत टॅपेट तपासायला फेअरिंग, टाकी, एअरबॉक्स सगळं उतरवावं लागतं, मजुरी मोठी. मॅन्युअलमध्ये टॅपेट तपासायला दिलेला किलोमीटरचा आकडा आणि गाडीचं रनिंग जवळ आलं असेल तर जाणकार गिऱ्हाईक ती रक्कम वजा करूनच बोलतं. विकणाऱ्याने ते आधी करून बिल दाखवावं, घेणाऱ्याने न केल्याचं भावात मागावं.

बसवलेल्या वस्तूंचे पैसे परत येतील अशी आशा नको. पॅनियर (बाजूच्या पेट्या), टॉप बॉक्स आणि क्रॅश गार्ड गिऱ्हाईक ओढतात. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर त्याला पळवतो. तुमच्या मापाची बनवून घेतलेली सीट दुसऱ्याच्या अंगाला बसेलच असं नाही. मूळ सीट, काच, सायलेन्सर आणि आरसे खोक्यात जपून ठेवा. विकताना मूळचं लावून, जादाचं वेगळं विकलं तर दोन्हीकडून बरं मिळतं. नवं मॉडेल येण्याची घोषणा झाली की जुन्याचा भाव उतरतो, तेव्हा विकायचं ठरलं असेल तर घोषणेच्या आधी विका आणि घ्यायचं असेल तर नंतर घ्या.

आणि चाव्या मोजा. मूळ दोन, पेट्यांच्या वेगळ्या असतील तर त्याही. स्मार्ट की असलेल्या गाडीची दुसरी चावी हरवली असेल तर नवी चावी गाडीला जोडून घ्यावी लागते. काही गाड्यांत एकही नोंदलेली चावी उरली नसेल तर कंट्रोल युनिट बदलण्यापर्यंत प्रकरण जातं. दोन्ही चाव्यांनी गाडी चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.