सड्यावरच्या जुन्या चिरेखाणी हवाई चित्रांतून कशा ओळखाव्यात

गोव्यातील जुनी घरे, कुंपणे आणि किल्ल्यांचे तट ज्या जांभ्या चिऱ्यांनी उभे राहिले, तो चिरा बहुधा जवळच्याच एखाद्या सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरून, काढलेला असतो, आणि चिरा संपल्यावर उरलेला खड्डा सहसा कोणी बुजवत नाही. पेडणे, बार्देश, डिचोलीच्या सड्यांवरचे असे कित्येक खड्डे आज झुडपांनी, काजूच्या फांद्यांनी किंवा पाण्याने झाकले गेले आहेत. चालत जाणाऱ्याला ते अगदी काठावर पोहोचेपर्यंत दिसत नाहीत. वरून ते ओळखता येतात, मात्र चित्र कोणत्या ऋतूतले पाहायचे, हे आधी ठरवावे लागते.

गूगल अर्थ प्रोमध्ये जुनी उपग्रहचित्रे तारखेनुसार उघडता येतात. एकाच जागेची दोन चित्रे शेजारी ठेवावीत: एक ऑक्टोबर-नोव्हेंबरचे, दुसरे एप्रिल-मेचे. जांभ्याच्या कठीण थराखाली मऊ, चिकणमातीसारखा थर असतो. त्यातून चिरा निघत नाही, म्हणून खोदाई साधारण तिथेच थांबते, आणि तोच थर पुढे पावसाचे पाणी धरून ठेवतो. पावसाळ्यानंतर सड्यावरच्या उथळ नैसर्गिक खळग्यांतही पाणी असते, त्यामुळे एकट्या ऑक्टोबरच्या चित्रावर विसंबून खुणा करत सुटल्यास निम्म्या खुणा नंतर पुसाव्या लागतात. वैशाखात मात्र गवत वाळलेले आणि कातळ काळपट असतो, उथळ डबकी आटलेली असतात. अशा वेळी सरळ कडा असलेला पाण्याचा तुकडा किंवा ओसाड सड्यावर एकाकी उठलेले हिरवे झाडांचे बेट दिसले, तर तिथे खाण असण्याची शक्यता मोठी. खड्ड्यात ओल टिकते, वारा लागत नाही, म्हणून झाडे तिथेच माजतात. जुन्या पाण्यावर शेवाळ साचले की तेही वरून झाडीसारखेच दिसते, हे मात्र लक्षात ठेवावे.

चिरा काटकोनात कापला जातो, म्हणून खाणीची कडाही काटकोनात तुटते. यंत्राने कापलेल्या खाणीत भिंती उभ्या आणि रेषा रेखीव असतात. पिकावाने खोदलेल्या जुन्या खाणीत कडा दातेरी असतात आणि तळ पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरतो. माझ्या मते याहून भरवशाची खूण म्हणजे वाट. रानात शिरलेली, ट्रक जाईल एवढी रुंद वाट कोणत्याही घरापाशी वा बागेपाशी न जाता मध्येच संपत असेल, तर तिच्या टोकाला उतार आणि फुटक्या चिऱ्यांचा ढीग शोधावा. मिठागरे आणि खाजनांतील (खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतजमिनींतील) बांधही वरून चौकोनी दिसतात, पण ते नदीकाठच्या सखल भागात असतात, त्यामुळे उंची पाहिली की ते बाजूला पडतात. डिचोली-सांगे पट्ट्यातील लोहखनिजाच्या खाणी आकारानेच इतक्या प्रचंड आहेत की गोंधळ क्वचितच होतो.

सर्वात फसवी गोष्ट सावलीची. प्रकाश वरून येतो, असे आपला डोळा गृहीत धरतो. उत्तर दिशा वर ठेवलेल्या हिवाळी चित्रात तो खालून, म्हणजे दक्षिणेकडून येतो, आणि खड्डा टेकडीसारखा भासतो. चित्र उलटे फिरवून दक्षिण वर आणली की भास जातो. हिवाळ्यातील सकाळच्या चित्रात खड्ड्याची सावली आतल्या बाजूला, दक्षिण आणि पूर्व कडेला चिकटून असते. ढिगाऱ्याची सावली बाहेर, उत्तर-पश्चिमेला पडते.

सेंटिनेल-२ या उपग्रहांची मोफत चित्रे पाण्याचा निर्देशांक (चित्रातील पाणी वेगळे दाखवणारा आकडा) काढण्यास चांगली आहेत, पण त्यांचा एक ठिपका १० मीटरचा असतो. २० मीटरची खाण तिथे जेमतेम चार ठिपक्यांत मावते. मोठ्या तलावांसाठीच ती वापरावीत.

ड्रोन असेल तर कोवळ्या उन्हात उडवावा. तळावर पडलेल्या सावलीची लांबी सूर्याच्या दिशेने मोजून तिला सूर्याच्या उन्नतांशाच्या (क्षितिजापासूनच्या उंचीच्या कोनाच्या) टॅन्जन्टने गुणले की खोली मिळते: सूर्य ३० अंशांवर असताना १० मीटर सावली म्हणजे सुमारे ५.८ मीटर खोली. खड्ड्यात पाणी असेल तर ही मोजणी पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचीच असते. दाट झाडीखालचा तळ साध्या छायाचित्रांतून मिळत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मोकळी मुभा २०० फुटांपर्यंतच आहे आणि त्याहून जवळ गेल्यास परवानगी लागते; दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असलेल्या छोट्या गोव्यात हा विचार उड्डाणापूर्वी करावाच लागतो.

खूण पक्की झाली की सर्व्हे क्रमांक शोधून एक-चौदाचा उतारा (गोव्यातील जमिनीच्या नोंदीचा) पाहावा; जमीन खाजगी आहे की कोमुनिदादची (गावाच्या सामुदायिक संस्थेची), यावर कोणाला विचारून आत जायचे ते ठरते. प्रत्यक्ष भेट डिसेंबरनंतर, गावातील जाणत्या माणसाला सोबत घेऊनच द्यावी, कारण पावसात भिजलेला काठ खालून पोखरलेला असू शकतो आणि वर वाढलेले गवत ती पोकळी झाकून टाकते. नोंदीत ठिकाणाच्या अक्षांश-रेखांशांसोबत चित्राची तारीख, पाणी होते की नव्हते, आणि खोली कशावरून काढली, हेही लिहावे.